वाट पाहणारी भुतं

सांगली,
रविवार रात्र

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू घाईघाईत म्हणालास, "आई, होस्टेलवर दर शनिवारी पडदा लावून सिनेमा दाखवायचं ठरलंय. भुताखेतांचे माझ्या वाट्याला आलेत. तुझे ते जुने जपानी नि युरोपातले, पाच-सहा नावं मेसेज कर." मी नावं लिहायला बसले आणि थांबले. नुसती नावं पाठवली असती तर तुम्ही त्यातलं एखादं लावलं असतं, दहाव्या मिनिटाला कुणीतरी "अरे, काही होतच नाहीये" म्हणालं असतं आणि तो सिनेमा तुमच्या हातून कायमचा गेला असता. या सिनेमांनी मला तीस-पस्तीस वर्षं सोबत केली आहे. त्यांची ओळख नीट करून द्यावी असं वाटलं, म्हणून वही काढली.

१९८९ सालची गोष्ट. मी पुण्यात एम.ए. करत होते. आमच्या फिल्म सोसायटीचे खेळ एका कॉलेजच्या हॉलमध्ये व्हायचे. सोळा एमएमचा प्रोजेक्टर खुर्च्यांच्या मधोमध टेबलावर मांडलेला असायचा, त्याची घरघर सिनेमाभर चालायची, आणि एक रीळ संपलं की दुसरं चढेपर्यंत दिवे लागायचे. त्या संध्याकाळी केन्जी मिझोगुची या दिग्दर्शकाचा 'उगेत्सु मोनोगातारी' होता, १९५३चा. सबटायटल्स पांढरी आणि पडद्यावर सरोवरातलं धुकं, तेही पांढरं. निम्मे संवाद वाचताच आले नाहीत. पण गोष्ट कळली. सोळाव्या शतकातला जपान, यादवी माजलेली. बिवा सरोवराजवळच्या खेड्यात गेन्जुरो नावाचा कुंभार राहतो. लढाईच्या दिवसांत मडक्यांना भाव येतो, आणि त्याच्या डोक्यात पैसा शिरतो. बायको मियागी म्हणते, आपण तिघं एकत्र असलो की मला पुरे. तो ऐकत नाही. तिला आणि लहानग्या मुलाला मागे ठेवून तो माल घेऊन शहरात जातो, आणि तिथे एक खानदानी, अतिशय सुंदर बाई त्याची भांडी विकत घेऊन त्याला आपल्या वाड्यावर बोलावते. ती कोण, हे तुझ्या लगेच लक्षात येईल. त्याच्या येत नाही.

मला सांगायचाय तो शेवटाकडचा एक शॉट. गेन्जुरो फार उशिरा घरी परततो. रात्र आहे. दार ढकलून आत येतो, बायकोला हाका मारतो. घर ओकंबोकं, चूल थंड. हाका मारत तो मागच्या दारानं बाहेर पडतो आणि घराला वळसा घालून पुन्हा पुढच्या दाराकडे निघतो. कॅमेरा बाहेर जात नाही. तो आतच राहतो, खिडकीतून दिसणाऱ्या त्याच्याबरोबर हळूहळू मागे वळतो, आणि आत्ता आपण रिकामी पाहिलेली जागा पुन्हा समोर येते. तिथे विस्तव पेटलेला आहे. मियागी त्यापाशी बसून काहीतरी शिजवते आहे. मध्ये कुठेही कट नाही. ना किंकाळी, ना दचकवणारं संगीत. नवरा येतो, ती त्याला प्यायला देते, तो झोपतो, आणि ती दिव्याच्या उजेडात त्याचे कपडे शिवत बसते.

पुढचं सांगत नाही. दिवे लागले तेव्हा शेजारी बसलेली माझी मैत्रीण रडत होती. भुताचा सिनेमा बघून रडणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. तो कॅमेरा काझुओ मियागावाचा, 'राशोमोन' या गाजलेल्या जपानी सिनेमावरही त्याचाच होता. १९५३ सालीच व्हेनिसच्या महोत्सवात या सिनेमाला 'रौप्य सिंह' मिळाला. पण हे सगळं मला नंतर वाचून कळलं. त्या रात्री खोलीवर जाताना मी एवढाच विचार करत होते की मियागीला काहीच नको होतं, फक्त तो घरी आलेला बघायचं होतं.

तुला आजीचा दहावा आठवतो ना? कृष्णेच्या घाटावर तू माझ्यावर छत्री धरून उभा होतास. पिंड ठेवून झाली, सगळे मागे सरले, आणि कावळा येईना. पिंपळावर तीन-चार बसलेले होते, मान तिरकी करून बघत होते, पण उतरेनात. काकांनी हात जोडून सांगितलं, शेत विकणार नाही. बाबांनी सांगितलं, आत्याचं माहेरपण सांभाळू. तुझ्या शिक्षणाचं सांगून झालं. गुरुजी दर्भाचा कावळा करायच्या तयारीत होते. तेवढ्यात आत्या पुढे झाली आणि रडत रडत म्हणाली, "आई, तुझ्या बोक्याला मी सांगून जाते, वहिनी रोज भात घालेल." आणि कावळा शिवला. तो त्यामुळेच आला की पाऊस जरा उघडला म्हणून, ते मला सांगता येणार नाही. पण त्या अर्ध्या तासात घाटावरचं प्रत्येक माणूस एकच गोष्ट शोधत होतं: हिचं काय राहिलं? हिला कोणाची काळजी लागून राहिली आहे?

ओंकार, जुना जपानी भयपट याच प्रश्नावर उभा आहे. गेलेल्या माणसाचं काहीतरी राहिलेलं असतं. कुणी दिलेला शब्द मोडलेला असतो, कुणी परत यायचं कबूल करून आलेलं नसतं. तिकडच्या भुताच्या अंगावरचे पांढरे कपडे म्हणजे मढ्यावरचे कपडे; केस मोकळे, कारण ते बांधायला आता कुणी नाही असं मला नेहमी वाटतं. उन्हाळ्यात, ओबोनच्या सुमाराला पितर घरी येतात अशी त्यांची श्रद्धा, आपल्या पितृपक्षासारखीच. भुताच्या गोष्टी सांगायचा मोसमही तोच, कारण अंगावर काटा आला की उकाड्यात गार वाटतं म्हणे. युरोपातल्या जुन्या सिनेमांतलं संकट बहुतेक वेळा बाहेरून येतं. डोंगर, समुद्र ओलांडून, वाट काढत येतं. जपानी भूत मात्र घरातच वाट पाहत बसलेलं असतं. हा फरक मनात ठेवून बघ. सगळीकडे तो लागू पडत नाही, आणि जिथे पडत नाही तिथले सिनेमे फार भारी आहेत. त्यांच्याकडे मी येईनच.

'उगेत्सु'नंतर 'क्वायदान' लाव. मासाकी कोबायाशी, १९६४. चार गोष्टी, तीन तासांचा सिनेमा, म्हणून एका रात्री दोनच दाखव, उरलेल्या दोन पुढच्या शनिवारी. जवळजवळ सगळा सिनेमा एका जुन्या विमानांच्या हँगरमध्ये सेट उभारून काढला आहे. आभाळ रंगवलेलं आहे आणि ते रंगवलेलं आहे हे लपवलेलं नाही. हिमकन्येच्या गोष्टीत तर आभाळात एक मोठा डोळा काढला आहे, आणि तो खालच्या माणसांकडे बघत असतो. तुमच्यातलं कुणी "सेट कळतोय" म्हणालं तर त्याला सांग, कळायलाच हवा. गोष्ट सांगणाऱ्याचा हात त्यात दिसतो.

या गोष्टी पुस्तकात कशा आल्या ते ऐक, कारण मला ही हकीकत सिनेमाइतकीच आवडते. लाफ्काडिओ हर्न नावाचा एक माणूस, आई ग्रीक, वडील आयरिश, जन्म १८५०चा, लेफ्काडा या ग्रीक बेटावर. १८९० साली तो जपानला पोचला आणि तिथलाच झाला. सेत्सु नावाच्या मुलीशी लग्न केलं, कोइझुमी याकुमो हे नाव घेतलं. सेत्सु त्याला गावोगावच्या जुन्या गोष्टी सांगायची. रात्री दिव्याची वात बारीक करून ती सांगायला बसायची, आणि तो म्हणायचा, पुस्तकात बघून वाचू नकोस, तुझ्या शब्दांत सांग. त्याचं 'क्वायदान' हे पुस्तक १९०४ साली निघालं आणि त्याच वर्षी तो गेला. म्हणजे बघ, युरोपात जन्मलेल्या माणसाने जपानी बायकोच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टी साठ वर्षांनी एका जपानी दिग्दर्शकाने पडद्यावर आणल्या. तू सातवीपर्यंत आजीच्या कुशीत मुंजाची नि वेताळाची गोष्ट ऐकत झोपायचास. तेव्हा तीही दिवा बारीक करायला सांगायची.

चारांतली पहिली गोष्ट 'काळे केस'. गरिबीला कंटाळून एक सामुराई चांगल्या बायकोला टाकून मोठ्या घरची दुसरी करतो, आणि कित्येक वर्षांनी पस्तावून परत येतो. इथे हेडफोन वापरता आले तर वापरा. तोरू ताकेमित्सूचं संगीत आहे. नेहमीसारखं संगीत नाही ते. लाकूड तडकल्याचे, फाटल्याचे आवाज, आणि तेही कृतीच्या वेळी न येता जरा मागेपुढे येतात. कुजक्या फळ्यांच्या जमिनीतून पाय खाली जातो आणि काहीच ऐकू येत नाही. त्या शांततेनं माझ्या पोटात खड्डा पडला होता. तिसरी गोष्ट होइचीची. होइची आंधळा आहे, बिवा नावाचं तंतुवाद्य वाजवून हेइके घराण्याची कथा गातो. हे घराणं ११८५ साली दान-नो-उराच्या समुद्री लढाईत बुडालं. ते बुडालेले लोक रात्री त्याला बोलावून नेतात. त्यांना स्वतःचीच कहाणी ऐकायची असते. आपण कसे लढलो, कसे गेलो, हे कुणीतरी नीट सांगावं, एवढीच त्यांची मागणी. होइचीला वाचवायला भिक्षू त्याच्या सबंध अंगावर मंत्र लिहितात, आणि तो मंत्र म्हणजे संस्कृतात ज्याला 'प्रज्ञापारमिताहृदय' म्हणतात तोच. चेहऱ्यावर, पापण्यांवर, बोटांवर ब्रशनं काळी अक्षरं उतरत जातात तो भाग डोळे भरून बघ. फक्त एक जागा राहून जाते.

कानेतो शिन्दोचा 'ओनिबाबा'ही १९६४चाच, पण अगदी वेगळ्या जातीचा. पुरुषापेक्षा उंच वाढलेलं गवत, त्यात राहणाऱ्या सासू-सुना, आणि लढाईतून भरकटत आलेल्या सैनिकांना मारून त्यांची चिलखतं विकणं हा त्यांचा धंदा. मोठ्या माणसांचा सिनेमा आहे, उघडेवाघडेपणाही आहे, हे आधी सांगून मग दाखव. त्यात एक मुखवटा येतो. तो निघतो तेव्हा खालचा चेहरा बघताना एक ध्यानात ठेव: शिन्दो हिरोशिमा जिल्ह्यातला, आणि त्या चेहऱ्याची रंगभूषा त्याने अणुबॉम्बातून वाचलेल्यांच्या फोटोंवरून करवून घेतली होती. भूतबित काही नाही मग. भूक आणि युद्ध.

हिरोशिमाकडचाच दुसरा एक माणूस, नोबुहिको ओबायाशी. त्याचा 'हाउसु' १९७७चा. तो तुमच्या पोरांना सगळ्यात जास्त आवडेल. रंग, गाणी, उडणाऱ्या वस्तू, मुलीची बोटं खाणारा पियानो. यातल्या बऱ्याच कल्पना त्याच्या लहान मुलीच्या, चिगुमीच्या. मोठी माणसं आपल्याला कळतं तेवढ्याचाच विचार करतात, मुलांना न कळणाऱ्याचीही कल्पना करता येते, म्हणून त्याने तिला विचारलं. पण एवढ्या धिंगाण्याच्या तळाशी परत तीच बाई आहे, युद्धावर गेलेल्या माणसाची वाट बघत म्हातारी झालेली. ओबायाशीचे लहानपणीचे मित्र बॉम्बमध्ये गेले होते. हसून झालं की मित्रांना हे सांग.

'रिंगु' तुम्ही सगळ्यांनी ऐकलेला असेल. हिदेओ नाकाता, १९९८. शापित व्हिडिओ कॅसेट, सात दिवसांची मुदत. त्याच्या इतक्या नकला निघाल्या की मूळ सिनेमा बघताना थोडा जुना वाटेल. पण त्यातल्या भुताची, सादाकोची, ती चाल बघ. नटीला उलटं चालायला लावून फिल्म उलटी फिरवली आहे, म्हणून पाऊल पुढे पडतं पण शरीर ते मान्य करत नाही. आपल्या हडळीचे पाय उलटे असतात असं आजी सांगायची. इथे चालच उलटी आहे.

त्याच नाकाताचा 'डार्क वॉटर', २००२चा, मात्र पडद्यावर दाखवू नकोस. तो एकट्याने बघ, लॅपटॉपवर, शक्यतो पावसात. घटस्फोट चाललेली एक आई, तिची पाच-सहा वर्षांची मुलगी, आणि ओलीचिंब, जुनी इमारत. छतावर पाण्याचा एक डाग आहे. तो दर दिवशी थोडा मोठा होतो. लहान मुलीची एक लाल पिशवी फेकून दिली तरी परत येते. बस्स, यापलीकडे फारसं काही नाही. पण नोकरी शोधणारी ती आई मुलीला घ्यायला शाळेत वेळेवर पोचू शकत नाही, आणि मुलगी पावसात वाट बघत उभी राहते. ती आई स्वतः लहानपणी अशीच उभी होती, हे सिनेमा सुरुवातीलाच दाखवतो.

तू बालवाडीत होतास तेव्हा जुलैमध्ये एकदा पुलावर पाणी आलं आणि माझी बस दीड तास अडकली. मोबाइल नव्हता माझ्याकडे. मी पोचले तेव्हा सगळी मुलं गेलेली होती, व्हरांड्यात एक दिवा, मावशी झाडत होत्या आणि तू दप्तर पाठीवर तसंच ठेवून गेटचे गज धरून उभा होतास. रडला नाहीस. फक्त विचारलंस, "आज मी इथेच राहणार होतो का?" तुला आठवत नसेल. मला रोज आठवतं असंही नाही. पण 'डार्क वॉटर' बघताना त्या गजांवरची तुझी बोटं दिसली आणि मी सिनेमा थांबवून तुझ्या खोलीत येऊन बघून गेले. तू झोपला होतास. तो सिनेमा कसला आहे हे मला याहून चांगलं सांगता येत नाही.

आता युरोप. इथे सुरुवात 'नोस्फेरातु'पासून. एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ, जर्मनी, १९२२. मूकपट आहे, तेव्हा तुमची कुजबुज चालेल पहिली पाच मिनिटं, मग आपोआप थांबेल. ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' ही कादंबरी १८९७ची. मुर्नाऊच्या कंपनीने हक्क न घेता, नावं बदलून सिनेमा काढला. ड्रॅक्युलाचा काउंट ओरलोक झाला. स्टोकरची विधवा कोर्टात गेली आणि निकाल लागला की सगळ्या प्रती नष्ट करा. काही आधीच इकडेतिकडे गेल्या होत्या, त्या वाचल्या, म्हणून आपण बघू शकतो. आणखी एक सांगते. सूर्याचा किरण पडला की पिशाच संपतं, असं सगळे समजतात ना? स्टोकरचा ड्रॅक्युला दिवसाही हिंडतो. उजेडानं मरणं या सिनेमातून आलं.

ओरलोकचे सुळे पुढच्या दोन दातांच्या जागी आहेत, उंदरासारखे. आणि तो जहाजातून येतो तेव्हा बरोबर मातीनं भरलेल्या शवपेट्या आणि उंदीर येतात. जहाज धक्क्याला लागतं, त्यावर जिवंत माणूस नाही. मग गावात प्लेग. रिकाम्या रस्त्यातून शवपेट्या खांद्यावर घेऊन माणसं ओळीनं जातात आणि एक बाई खिडकीतून बघते. युरोपात हा सिनेमा बघताना लोकांच्या मनात नुकतंच संपलेलं महायुद्ध आणि इन्फ्लुएंझाची साथ असणार. माझ्या मनात माझी पणजी आली. १८९६ साली मुंबईत मांडवीला प्लेग सुरू झाला, पुढच्या वर्षी पुण्यात, आणि मग तो आपल्याकडच्या गावागावांत फिरत राहिला. घरात उंदीर पडला की गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहायचं, हे पणजी सांगायची. मागे राहिलेल्या घरांची दारं वाऱ्यानं आपटायची तो आवाज माळापर्यंत यायचा, असंही सांगायची. 'ड्रॅक्युला' छापली गेली ते वर्ष आणि पुण्याच्या प्लेगचं वर्ष एकच आहे. जिन्यावरून चढत जाणारी ओरलोकची सावली फार प्रसिद्ध आहे, तिची चित्रं तू पाहिली असशील. मला मात्र ती शवपेट्यांची ओळ सोडत नाही. बघताना रात्री निळ्या आणि दिवस पिवळसर असलेली प्रत शोध, मूळची रंगछटा तशी होती. नुसत्या काळ्या-पांढऱ्या प्रतीत रात्र भर दुपारसारखी दिसते आणि लोक हसतात.

'द कॅबिनेट ऑफ डॉक्टर कालिगारी' (१९२०) त्याच्या आधीचा. तिरक्या भिंती, रंगवलेल्या सावल्या. अर्धा तास बघून ठेव, संपूर्ण दाखवायचा आग्रह मी धरणार नाही. पण त्या जर्मन अंधाराचं एक टोक आपल्याकडेही आलं आहे. म्युनिकहून आलेला जोसेफ विर्शिंग मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये कॅमेरामन होता, आणि १९४९चा 'महल' त्याने चित्रित केला. आजीने तो मिरजेला थिएटरात पाहिला होता, शाळेत असताना. त्यातला हलता झोपाळा ती शेवटपर्यंत हातानं करून दाखवायची. आणि त्या सिनेमातलं गाणं काय, तर 'आयेगा आनेवाला'. तिथेही कुणीतरी वाट बघतंच आहे.

डॅनिश दिग्दर्शक कार्ल ड्रायरचा 'व्हाम्पीर' (१९३२) सगळ्यांसमोर लावू नको, लोक झोपतील. स्वतः बघ. भिंगासमोर जाळीचं कापड धरून धुरकट केलेली चित्रं आहेत. एका माणसाची सावली त्याला सोडून हिंडून येते आणि परत येऊन त्याच्या जागी बसते. आणि एके ठिकाणी आपण, म्हणजे बघणारे, शवपेटीच्या आत असतो. झाकणाला काच आहे. एक म्हातारी त्यावर मेणबत्ती ठेवून आत डोकावते. मग पेटी उचलली जाते, आणि वर झाडं, घरांची टोकं, आभाळ सरकत जातं. किती विलक्षण कल्पना आहे! आजीला उचललं तेव्हा तिला आपल्या अंगणातलं आंब्याचं झाड असंच दिसलं असेल का, हा विचार त्या दिवशी माझ्या मनात याच सिनेमामुळे आला.

पहिल्या शनिवारी मात्र 'ले दियाबोलिक'. आँरी-जॉर्ज क्लूझो, फ्रान्स, १९५५. एका निवासी शाळेचा दुष्ट मुख्याध्यापक, त्याची हृदयविकार असलेली बायको आणि त्याची प्रेयसी. दोघी मिळून त्याला मारायचं ठरवतात. शेवट फोडू नका अशी विनंती सिनेमा संपताना पडद्यावर येते. मी ती पाळते आहे, तूही पाळ. आधी बघितलेल्यांना दाराशी बसव. शेवटची पंधरा मिनिटं तुमच्या हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू येईल. त्यातली बायको व्हेरा क्लूझो ही दिग्दर्शकाचीच पत्नी. खऱ्या आयुष्यातही तिचं हृदय कमजोर होतं, आणि १९६० साली ती हृदयविकारानेच गेली. हे मित्रांना सिनेमाच्या आधी सांगू नकोस.

मघाशी म्हणाले ना, माझी 'घर आणि बाहेर'ची फोड काही सिनेमांना लागू पडत नाही. जॉर्ज फ्रांजूचा 'आईज विदाउट अ फेस', फ्रेंच, १९६०. पॅरिसजवळचा एक नावाजलेला सर्जन. तो गाडी चालवत असताना झालेल्या अपघातात त्याच्या मुलीचा चेहरा गेला. तिला नवा चेहरा द्यायचा म्हणून तो तरुण मुलींना फसवून आणतो आणि त्यांचे चेहरे काढून घेतो. मुलगी, क्रिस्तिआन, गुळगुळीत पांढरा मुखवटा घालून घरात हिंडते. तिची भूमिका एदित स्कोबने फक्त डोळ्यांनी आणि चालण्याने केली आहे. जगाला ती मेलेली आहे, तिचं प्रेतसुद्धा वडिलांनी 'ओळखलेलं' आहे. ती गुपचूप आपल्या प्रियकराला फोन लावते, आणि बोलत नाही. तो पलीकडून हॅलो, हॅलो म्हणत राहतो. शस्त्रक्रियेचा एक प्रसंग आहे, ज्याला रक्त बघवत नाही त्याने तेवढा वेळ बाहेर जावं.

या बापाला मी राक्षस म्हणू शकत नाही, आणि म्हणूनच मला त्याची भीती वाटते. मुलीसाठीच करतोय, असं त्याला मनापासून वाटतं. तिला काय हवंय हे त्याने एकदाही विचारलेलं नाही. तुझ्या अकरावीच्या वेळी शाखा निवडताना मी आणि बाबांनी तुला किती वेळा विचारलं, हे मी त्या सिनेमानंतर मोजायचा प्रयत्न केला. राग धरू नकोस, पण कधी तुला वाटलं तर मला खरं सांग.

आणि शेवटी 'द इनोसंट्स', जॅक क्लेटन, इंग्लंड, १९६१. हेन्री जेम्सच्या १८९८च्या कथेवरचा. एका मोठ्या घरात दोन अनाथ मुलं, आणि त्यांची काळजी घ्यायला आलेली शिक्षिका (नटी डेबोरा कर). सुरुवातीला पडदा काळा राहतो आणि फक्त एका लहान मुलीचं गाणं ऐकू येतं. प्रोजेक्टर बिघडला असं समजून कुणाला वायरी हलवू देऊ नकोस. तळ्याच्या पलीकडे, लव्हाळ्यात, भर दिवसा एक काळे कपडे घातलेली बाई उभी दिसते. ती काहीच करत नाही. लांब आहे, पावसात भिजते आहे, उभी आहे. शिक्षिकेला ती दिसते, मुलांना दिसते की नाही ते कळत नाही. खरंच भूत आहे की शिक्षिकेच्या मनाचा खेळ, यावर तुम्ही रात्रभर भांडू शकता. बाबा आणि मी लग्नानंतर पहिल्यांदा कडाडून भांडलो ते याच सिनेमावरून. त्यांच्या मते भुतं खरी. मी अजूनही म्हणते, ती शिक्षिका मुलांवर इतकं प्रेम करते की तिला त्यांच्याभोवती धोका दिसल्याशिवाय राहत नाही.

तर क्रम असा: आधी 'दियाबोलिक', मग 'नोस्फेरातु', 'हाउसु', मग 'क्वायदान' दोन शनिवार, 'इनोसंट्स', 'ओनिबाबा', 'आईज विदाउट अ फेस', आणि सगळ्यात शेवटी 'उगेत्सु'. तोवर तुमच्याबरोबर टिकलेली पोरं संथ सिनेमा बघायला शिकलेली असतील. पळवून बघू नका. मध्ये चहाला थांबू नका. ट्यूबलाइट पूर्ण बंद, मोबाइल खिशात. पडद्याला पांढरी चादर लावणार असाल तर नीट ताणून बांधा. काळोखी चित्रं आहेत, घडी पडली तर त्या घडीतच सगळं हरवेल.

घरचं सगळं ठीक. बाबांचा गुडघा आता बरा आहे, जिना चढतात. आत्या येऊन आठ दिवस राहून गेली, तुझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी करून ठेवली आहे, येणाऱ्या कुणाच्या तरी हाती पाठवते. बोका रोज दिवेलागणीला येतो आणि आजी बसायची त्याच पायरीवर बसतो. आज भात फार गरम होता, म्हणून त्याला जरा थांबावं लागलं. मीही तिथेच बसून राहिले, निवेपर्यंत.

'उगेत्सु' दाखवशील त्या रात्री फोन कर. कितीही वाजले असले तरी चालेल.

तुझी,
आई